उंदरांचा ट्रेडमिल : पहिला आठवडा

डिस्प्लेवरच्या वेगावर विसंबू नकोस. पट्ट्यावर खडूची खूण कर आणि उंदीर वर असतानाच पट्ट्याच्या 10 फेऱ्यांना किती वेळ लागतो ते मोजून वेग काढ. सैल पट्टा वजनाखाली घसरतो. पहिले 5 दिवस नुसती सवय लाव: मिनिटाला 5 मीटरने 10 मिनिटं, मग हळूहळू 10 मीटरपर्यंत.

ग्रिडचा, म्हणजे पट्ट्यामागच्या हलका झटका देणाऱ्या सळ्यांचा, करंट कमीत कमी ठेव. उंदीर ग्रिडवरच बसून राहिला तर करंट वाढवू नकोस, उंदराला लगेच ट्रेडमिलवरून उतरव. बिचारा दमलेला असतो. लेंड्या-मूत्र सळ्यांत साचलं की करंट तिथूनच वाहतो, पायाला पोचत नाही. प्रत्येक उंदरानंतर 70 टक्के अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू दे. पट्ट्यामागच्या फटीत शेपूट अडकते, तिकडे नजर हवीच.

सांगलीत एप्रिल-मेच्या दुपारी एसी बंद पडला तर सत्र रद्दच कर.