‘शिव्हलरी’ म्हणजे स्त्रीदाक्षिण्य का?

प्रश्न असा आला आहे: ‘मध्ययुगीन युरोपातल्या गोष्टी मुलांसाठी मराठीत आणतो आहे. नाइटला “सरदार” आणि शिव्हलरीला “स्त्रीदाक्षिण्य” म्हटलं तर चालेल का?’

नाइट म्हणजे तिकडचा चिलखत घालून घोड्यावरून लढणारा योद्धा, आणि शिव्हलरी म्हणजे त्याचा पेशा आणि आचार. त्याला सरदार नको. आणि शिव्हलरीला स्त्रीदाक्षिण्य तर मुळीच नको, त्यात मूळ वस्तूच हरवते.

मूळ वस्तू आहे घोडा. बोलीभाषेतल्या लॅटिनमध्ये ‘काबाल्लुस’ म्हणजे साधा, कामाचा घोडा. त्याचा फ्रेंचमध्ये ‘शव्हाल’ झाला, त्यावर बसणारा तो ‘शव्हालिए’, आणि अशा स्वारांचा जमाव, त्यांचा पेशा, पुढे त्यांची रीत, ती ‘शव्हालरी’. स्पॅनिश ‘काबायेरो’ आणि घोडदळाला म्हणतात ती ‘कॅव्हलरी’, ही याच घरातली भावंडं. जर्मन ‘रिटर’चा अर्थही स्वारच. बुद्धिबळात इंग्रजीत ‘नाइट’ म्हणतात त्या सोंगटीला आपण सरळ ‘घोडा’ म्हणतो, ते मला फार नेमकं वाटतं.

इंग्रजी ‘नाइट’ तेवढा निराळ्या घरचा. जुन्या इंग्रजीत तो ‘क्निह्त’ होता, आणि त्यातला क उच्चारलाही जाई. अर्थ: पोरगा, हाताखालचा पोऱ्या. जर्मनमध्ये ‘क्नेख्त’ म्हणजे गडी, सेवक. इंग्लंडात मात्र मालकाबरोबर शस्त्र घेऊन जाणारा पोऱ्या चढत चढत मानकरी झाला.

आता मराठी शब्द. सरदार म्हटलं की पदरी फौज, जहागीर आणि दरबारातली जागा डोळ्यांसमोर येते. पुष्कळ नाइटांकडे यातलं काही नसे. असे तो घोडा, चिलखत आणि हत्यारं. यासाठी आपल्याकडे पारखून घेतलेला शब्द आहे: शिलेदार. स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार. सरकारी पागेतला घोडा मिळतो तो बारगीर. मराठी फौजेत या दोन शब्दांत मानाचा आणि पैशाचा केवढा फरक होता! युरोपातही तो होताच, फक्त त्यांनी त्याला इतकी सुटसुटीत नावं दिली नाहीत. विल्यम मार्शल पुढे इंग्लंडचा सर्वांत नावाजलेला नाइट झाला, पण ११६७ साली नॉर्मंडीतल्या एका चकमकीत त्याचा घोडा मेला आणि दुसऱ्या जनावरासाठी अंगावरचा झगा विकायची पाळी आली. त्या दिवशी तो शिलेदाराचा बारगीर व्हायच्या बेतात होता. (त्याचं ‘मार्शल’ हे नावही मुळात ‘घोड्याचा चाकर’ या अर्थाचं. आपला पोलीस ‘कॉन्स्टेबल’ही लॅटिनमधल्या ‘तबेल्याचा अधिकारी’ या हुद्द्यावरून आला.)

राहिली शिव्हलरी. स्त्रीदाक्षिण्य हा तिचा फार उशिराचा आणि फार अरुंद अर्थ. दाक्षिण्य हा शब्द आपल्याला संस्कृतातून मिळाला. काव्यशास्त्रातला ‘दक्षिण’ नायक अनेक प्रियांशी सारख्याच आदराने वागतो. त्याच्याजवळ घोडा नाही आणि रणांगणही नाही. शिव्हलरीत बाईशी अदबीने वागणं येतं, पण आधी येतं ते धन्याशी इमान, दिलेला शब्द, धर्मपीठाचं रक्षण आणि शरण आलेल्या बरोबरीच्या वीराला जीवदान. १३५६ साली प्वातियेच्या लढाईत फ्रान्सचा राजा जॉन कैद झाला. त्या रात्री इंग्लंडच्या युवराजाने त्याला जेवायला बसवून स्वतः वाढलं, असं तेव्हाचा बखरकार फ्रॉयसार सांगतो. मग खंडणीचा आकडाही ठरला, तो तीस लाख सोन्याच्या नाण्यांचा! पायदळातल्या शेतकऱ्याच्या वाट्याला असं पान कोण वाढणार? ही रीत घोड्यावरच्यांची, घोड्यावरच्यांसाठी होती. भाषांतरात हे झाकू नये.

मला या अर्थाला सर्वांत जवळचा वाटतो तो शब्द ‘ब्रीद’. बिरुद म्हणजे मिरवायची पदवी. त्यातूनच मराठीत ब्रीद झालं, म्हणजे जे मिरवता ते प्राण गेला तरी पाळायचं. संतांनी देवालाही याच शब्दात धरलं: पतितपावन हे तुझं ब्रीद ना, मग पाळ. आणि त्यांच्या अभंगांत ‘ब्रीदाचा तोडर’ येतो, म्हणजे ब्रीदाची खूण म्हणून पायात घातलेला दागिना. नाइटाची खूणही पायातच असे. घोडा पिटाळायला टाचेला बांधतात त्या काट्यांची जोडी, सोन्याचा मुलामा दिलेली. १३०२ साली आजच्या बेल्जियममधल्या कोर्त्रेजवळ फ्लँडर्स प्रांताच्या पायदळाने फ्रेंच स्वारांची दाणादाण उडवली आणि मेलेल्यांच्या टाचांवरचे असे शेकडो काटे काढून गावच्या चर्चमध्ये टांगले. त्या लढाईला ‘सोनेरी काट्यांची लढाई’ हेच नाव पडलं.

ब्रीद मोडलं की तो तोडर उतरायचा. अँड्र्यू हार्क्ले या कार्लाइलच्या सरदाराने (हा मात्र खराच सरदार) इंग्लंडच्या राजाला न विचारता स्कॉटलंडच्या राजाशी तह केला. मार्च १३२३ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. त्याआधी टाचेचे काटे तोडले, तलवार काढून घेतली, आणि त्याला सांगितलं गेलं: आता तू ‘नाइट’ नव्हेस, ‘नेव्ह’ आहेस. ‘नेव्ह’ म्हणजे हलकट. पण त्याचाही मूळ अर्थ पोरगा, पोऱ्या! पत्त्यांतल्या गुलामाला इंग्रजीत हेच नाव होतं. एकाच अर्थाचे दोन शब्द, एक घोड्यावर चढला, दुसरा चिखलात गेला.

तेव्हा पहिल्या उल्लेखाला ‘नाइट, म्हणजे तिकडचा शिलेदार’ असं लिहा, कारण नुसतं ‘नाइट’ वाचून मुलांना रात्र आठवेल. पुढे बेधडक शिलेदार. शिव्हलरी जिथे पेशा आहे तिथे ‘शिलेदारी’, जिथे आचार आहे तिथे ‘शिलेदाराचं ब्रीद’. आणि हार्क्लेची गोष्ट घेतलीत, तर ते वाक्य मी असं करीन: ‘अँड्र्यू, आता तू शिलेदार उरला नाहीस. नुसता पोऱ्या.’