जिथं न्याय नाही, तिथं लेकीला कशाला धाडू?

सोलापूरच्या साखर पेठेतून एका यंत्रमाग कामगाराचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: ‘सर, माझ्या धाकट्या भावाला कारखान्याच्या दारात तिघांनी पाइपनं मारलं, हात मोडला. सहा वर्षं तारखा झाल्या. एक साक्षीदार फितूर झाला, पंचाला काही आठवेना, तिघंही निर्दोष सुटले. मुलगी बारावी आर्ट्सला आहे. तिनं केसची झेरॉक्स फाइल वाचून काढली, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि आता म्हणते, लॉ करणार, तेही क्रिमिनल. जिथं न्याय नाही तिथं लेकीला कशाला धाडू? त्यापेक्षा डी.एड. बरं नाही का?’

भाऊ,

‘पंचाला काही आठवेना’ या वाक्यावर मी थांबलो. कारण तो पंच मी होतो. तुमच्या केसमधला नव्हे, दुसऱ्या एका. वीसेक वर्षांपूर्वी टपरीवर चहा घेत होतो. हवालदार म्हणाले, ‘सर, पंच म्हणून जरा या.’ घरफोडी झाली होती. मी फुटलेलं कपाट पाहिलं, तुटलेला कोयंडा पाहिला आणि पंचनाम्याच्या कागदावर सही ठोकून वर्गावर गेलो. चार वर्षांनी समन्स आलं. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, ‘कोयंडा आतून तुटला होता की बाहेरून?’ आठवत नाही म्हणालो. ‘मजकूर वाचून सही केलीत?’ घसा कोरडा पडला. ‘नाही.’ वकील ‘एवढंच’ म्हणून खाली बसले. पाच मिनिटांत त्या खटल्याचा एक पाय मोडला आणि तो मी मोडला. त्या आरोपीनं चोरी केली होती की नाही, मला आजही माहीत नाही. आता १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यानुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, माझ्यासारख्या पंचांवरचा भार थोडा हलका झाला. पण कॅमेरा कुठं धरायचा ते माणूसच ठरवणार.

तुमच्या भावाला मारलंच नाही, असं कोर्ट म्हणालेलं नसतं. समोर आलेल्या पुराव्यावर, वाजवी संशयापलीकडे, याच तिघांनी मारलं हे सिद्ध झालं नाही, एवढंच ते म्हणतं. ऐकायला हे कोरडं वाटतं, जखमेवर मीठ चोळल्यासारखं. आणखी एक गोष्ट बहुतेक घरांना शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. तो खटला तुमच्या भावाचा नव्हताच, ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ ते तिघे असा होता. भाऊ त्यात साक्षीदार. फिर्याद ठाण्यात लिहिली गेली, तपास पोलिसांनी केला, दोषारोपपत्र त्यांनी दाखल केलं, कोर्टात सरकारी वकील उभे राहिले. यातला एक जण जरी घाईत असला, तरी निकालाच्या दिवशी त्याची किंमत तुमच्या भावानं मोजायची.

सहा वर्षं फार झाली, यात वाद नाही. पण झटपट निकाल म्हणजेच न्याय, असं निदान सोलापूरकरानं तरी म्हणू नये. मे १९३० मध्ये इथं पोलीस मारले गेले, मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले. सगळं मिळून आठ महिने. आपण दर जानेवारीत त्यांच्या पुतळ्याला हार घालतो, तो त्या कोर्टाच्या वेगाचं कौतुक म्हणून नव्हे.

आता लेकीचं. फाइलवर पेन्सिलीच्या खुणा करणारी बारावीची पोर मी फार पाहिलेली नाही. तिला विचारा, खुणा कुठं केल्या? दोन साक्षीदारांच्या वेळा जुळत नाहीत म्हणून, की जबाबातली भाषा काकांची वाटत नाही म्हणून? दुसरं असेल तर तिच्याकडे मोठं भांडवल आहे. तुमच्या घरात तेलुगू बोलतात, हे पत्राच्या वळणावरून कळतं. समजा, शहराच्या पूर्व भागातली एखादी तेलुगू बाई ठाण्यात सांगते, ‘बावानं धक्का दिला.’ लिहिणारा मराठीत ‘मेहुणा’ लिहून मोकळा. दोन वर्षांनी उलटतपासणीत प्रश्न येतो, ‘तुमच्या बहिणीचं लग्न झालंय?’ ‘मला बहीणच नाही.’ झालं, बाई खोटारडी ठरली. बावा म्हणजे मामाचा किंवा आत्याचा मुलगाही असतो, हे त्या क्षणी उठून सांगणारं कुणी हवं. इथं तेलुगू आहे, अक्कलकोटकडचं कन्नड आहे, उर्दू आहे, आणि कोर्टाचा कागद मराठीत.

वाटा कोणत्या? आर्ट्स आहे म्हणून फॉरेन्सिकचा, म्हणजे प्रयोगशाळेत पुरावे तपासण्याचा विषय मिटला, त्याला सायन्स लागतं. बारावीनंतर पाच वर्षांच्या एलएलबीसाठी राज्याची लॉ सीईटी द्यायची, विधी महाविद्यालय सोलापुरातच आहे, गाव सोडायची गरज नाही. पदवीनंतर बार कौन्सिलची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, आणि ऑल इंडिया बार परीक्षा. मग खरी कसोटी: ज्युनिअर म्हणून पहिली तीन-चार वर्षं हातात जवळपास काही पडत नाही. याची तयारी घरानं आजच करावी, कारण मुली वकिली सोडतात ती बहुतेक याच टप्प्यावर, ‘अजून काही कमावत नाही’ हे ऐकून. टिकली तर सहायक सरकारी वकिलाची परीक्षा आहे, तुमच्या भावाच्या केसमध्ये हवा होता तसा जागा माणूस तिथं लागतो. न्यायाधीश व्हायचं असेल तर मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली आहे. आणि तपासाचीच ओढ असेल तर कुठलीही पदवी घेऊन एमपीएससीतून पीएसआय. माझं मत विचाराल तर खटला कोर्टात नाही, पहिल्या दोन दिवसांत ठाण्यातच जिंकला किंवा हरला जातो. तिला हेही सांगून बघा.

डी.एड. वाईट नाही. पण भरतीची वाट बघत बसलेली मुलं माझ्याकडे दर आठवड्याला येतात.

तुमचा नकार मात्र एका निकालावरून आहे. म्हणून फॉर्म भरण्याआधी तिला घेऊन एक दिवस जिल्हा न्यायालयात जा. खटले खुल्या कोर्टात चालतात, मागच्या बाकावर कुणालाही बसता येतं, मोबाइल बंद ठेवायचा. साक्ष चालू असेल ती खोली गाठा. दुपारपर्यंत कंटाळून ती बाहेर आली तर मला कळवा, दुसरं काही शोधू.

जाताना भावाच्या निकालाची प्रत सोबत न्या. सुटकेविरुद्ध जखमी माणसाला स्वतः अपील करता येतं, २००९ च्या दुरुस्तीनं तो हक्क आला आहे. निकालाची तारीख तुम्ही लिहिली नाही. त्याच आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, उत्पन्न मर्यादेत बसत असाल तर वकील मोफत मिळतो. तिथं आधी अपिलाच्या मुदतीचं विचारा. आणि बोलायचं काम लेकीला करू द्या, फाइल तिनं वाचली आहे.