पेट्रोलवरून बॅटरीवर: माझा संशय होता, पण चुकीच्या जागी

तुमचा प्रश्न वाचला. 11 वर्षांची पेट्रोल स्कूटर, सांगली-मिरज धरून रोज तीसेक किलोमीटर, आणि मेव्हण्यांचं म्हणणं की बॅटरी तीन वर्षांत बसते, नवी घालायला साठ-सत्तर हजार जातात, वर आगीची भीती. इलेक्ट्रिक घ्यावी का?

मीही तुमच्या मेव्हण्यांच्याच पंथातला. ऑफिसात कोणी इलेक्ट्रिक गाडीचं कौतुक करायला लागला की त्याला आगीचे व्हिडिओ पाठवायचो. मार्च 2022 मध्ये पुण्यात लोहगावच्या बाजूला भर रस्त्यावर उभी स्कूटर पेटली, तो व्हिडिओ माझ्या फोनमध्ये वर्षभर होता. शेवटी 2023 च्या दसऱ्याला घेतली. आज दोन वर्षं चार महिने झाले आणि डायरीत 21,000 किलोमीटर आहेत. डायरी म्हणजे खरीच डायरी. पेट्रोल, युनिट, पंक्चर, सगळं लिहिलेलं. बायको तिला 'पोलीस चौकी' म्हणते.

माझ्या संशयाने पहिला खड्डा गाडी घेण्याआधीच खिशाला पाडला. मी 'अजून थोडं थांबू' म्हणत राहिलो आणि 1 जून 2023 पासून केंद्राची सबसिडी खाली आली. बॅटरीच्या क्षमतेच्या दर किलोवॅट-तासामागे (म्हणजे युनिटमागे) 15 हजार मिळायचे ते 10 हजार झाले, आणि किमतीच्या 40 टक्क्यांपर्यंतची मर्यादा 15 टक्क्यांवर आली. मला वीसेक हजारांचा फटका बसला. तुम्हाला मात्र त्या कारणाने घाई करायची गरज नाही. सबसिडी नंतर आणखी घटत गेली. एप्रिल 2025 पासून ती गाडीमागे जास्तीत जास्त 5 हजार झाली, म्हणजे त्यावर निर्णय अवलंबून ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही.

आता तुमच्या मेव्हण्यांचे मुद्दे. बॅटरी तीन वर्षांत जाते ही समजूत आली कुठून? जुन्या, हळू चालणाऱ्या, लेड-अ‍ॅसिड बॅटरीवाल्या स्कूटरवरून. त्या खरंच दोन-तीन वर्षांत मान टाकायच्या. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी आठवा, तोच प्रकार. आताच्या गाड्यांत लिथियम-आयन असते. साधं गणित बघा: एका पूर्ण चार्जला 80 किलोमीटर धरले आणि बॅटरीने हजार पूर्ण चक्रं काढली तर 80,000 किलोमीटर होतात. तुमच्या तीस किलोमीटरच्या हिशेबाने सात वर्षं. त्यानंतरही ती बंद पडत नाही, पल्ला कमी होत जातो. माझ्या बॅटरीची क्षमता गेल्या सर्व्हिसिंगला मोजून घेतली, 94 टक्के निघाली. तरी मी माझा स्वभाव सोडला नाही. तीन वर्षांची वॉरंटी होती, ती 7 हजार जादा भरून पाच वर्षांची करून घेतली. तुम्हीही घ्या. पण वॉरंटीच्या कागदावर 'क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून देणार' ही ओळ आहे का ते बघा. नुसतं 'बॅटरी वॉरंटी 5 वर्षं' असेल तर त्याचा अर्थ 'पूर्ण मेली तरच' असा काढला जाऊ शकतो.

आगीचं सांगायचं तर भीती निराधार नव्हती. पण त्या प्रकरणांनंतर एआयएस-156 हे बॅटरी सुरक्षेचे नियम कडक झाले. पहिला टप्पा 1 डिसेंबर 2022 पासून, दुसरा 31 मार्च 2023 पासून. त्यात एका सेलमध्ये बिघाड झाला तर आग पूर्ण पॅकभर पसरू नये याची चाचणी आहे. म्हणून कोणी 2021-22 मधली सेकंडहँड गाडी स्वस्तात देतो म्हणाला तर मोहात पडू नका. घेताना बॅटरी एनएमसी की एलएफपी (लिथियम बॅटरीचे हे दोन प्रकार) हेही विचारा. एलएफपी उष्णता जास्त सोसते आणि चक्रंही जास्त काढते, मात्र तेवढ्याच पल्ल्यासाठी वजन वाढतं. माझी एनएमसी आहे. विक्रेत्याला हा प्रश्न विचारला तेव्हा तो आत जाऊन दुसऱ्याला घेऊन आला, आणि तो दुसरा तिसऱ्याला.

पल्ल्याचं मात्र नीट ऐका, कारण सगळ्यात जास्त फसवाफसवी तिथे आहे. ब्रोशरवर माझ्या गाडीचे 115 किलोमीटर लिहिलेत. ते खोटं नाही, पण तो आकडा ठरावीक पद्धतीच्या चाचणीतला. तिथे सिग्नलला थांबून पुन्हा झटक्याने निघणारा मी नाही, मागे बसलेली बायको नाही आणि हँडलला अडकवलेली भाजीची पिशवी नाही. मला एकट्याला शहरात 85 ते 90 मिळतात. डबल सीट 75 धरायचे. स्पोर्ट मोडवर भाच्याने एक दिवस नेली तर 60 वर आणून ठेवली. सांगायचा मुद्दा, छापील आकड्याचे तीन चतुर्थांश घ्या आणि त्यातून तुमची रोजची गरज दुपटीने भागते का बघा. तुमची भागते. सांगली-कोल्हापूर जायचं असेल तर साधारण पन्नास किलोमीटर, जाणं आरामात होईल, पण तिथे प्लग मिळणार का हे आधी ठरवून निघायचं.

पहिल्या महिन्यात माझी फजिती झाली ती सासवडला. मावशी तिथे राहते. पुण्यात बिबवेवाडीतल्या आमच्या घरून बोपदेव घाटाने सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर. 96 टक्क्यांवर निघालो, मागे बायको. घाटात आकडा असा उतरायला लागला की मी रस्त्यापेक्षा डिस्प्लेकडे जास्त बघत होतो. बायको म्हणाली, "उतरून चालू का?" सासवडला पोचलो तेव्हा 53. मावशीने माझं तोंड बघून विचारलं, "गाडीलाही जेवायला घालू का?" ओट्यावरच्या प्लगला दीड तास लावली, 83 झाली. परत येताना घाट उतरताना आकडा जागचा हलला नाही, कारण उतारावर मोटर उलट बॅटरीत वीज भरते. घरी पोचलो तेव्हा 56. म्हणजे मावशीकडे लावली नसती तरी वीसच्या वर टक्के शिल्लक राहिले असते. त्या दिवसानंतर डिस्प्लेकडे बघणं बंद झालं. तुमच्याकडे सगळा सपाट मुलूख, हा अनुभव यायचाही नाही.

उतारावरून एक गोष्ट आठवली, जी शोरूममध्ये कोणीच सांगत नाही. बॅटरी 100 टक्के भरलेली असली की उतारावर वीज भरायला जागाच नसते, त्यामुळे एरवी थ्रॉटल सोडल्यावर गाडी जशी आपोआप हळू होते तशी होत नाही. आमच्या सोसायटीतून बाहेर पडलं की लगेच उतार आहे. पहिल्या सकाळी माझा एक ठोका चुकला. आता मी रोज 85-90 लाच चार्जिंग बंद करतो. बॅटरीलाही ते मानवतं.

आता पैसे. माझी जुनी गाडी लिटरला 45 द्यायची. पेट्रोल 104 ने धरलं तर किलोमीटरला 2 रुपये 31 पैसे. नव्या गाडीला 85 किलोमीटरसाठी भिंतीतून साधारण 3.4 युनिट लागतात (बॅटरी 3 ची, बाकीचं चार्जरमध्ये उष्णता होऊन जातं). माझ्या स्लॅबमध्ये सगळे आकार धरून युनिट 12 रुपयांना पडतं, म्हणजे किलोमीटरला 48 पैसे. 21,000 किलोमीटरवर वाचले 38 हजारांच्या आसपास. यूट्यूबवाले इथे थांबतात. पण पेट्रोल स्कूटरपेक्षा गाडी 35 हजारांनी महाग, चार्जिंग पॉइंटचे 9 हजार, वॉरंटीचे 7. एकूण 51 हजार जादा गेले. म्हणजे मला अजून नऊएक महिने चालवल्यावर बरोबरी होईल. सर्व्हिसिंगचे वाचलेले पैसे त्यात धरलेले नाहीत, ऑइल नाही, एअर फिल्टर नाही, ब्रेक पॅड अजून पहिलेच आहेत. मागचा टायर मात्र 16,000 किलोमीटरला बदलावा लागला. रोज दहा किलोमीटर चालवणाऱ्याने नुसत्या बचतीसाठी ही गाडी घेऊ नये. तुम्ही तीस चालवता, तुमचं गणित माझ्यापेक्षा लवकर बसेल. फक्त महिन्याला 36 युनिट वाढतील, तेव्हा तुमचं बिल आत्ता 100 किंवा 300 युनिटच्या काठावर आहे का ते जुन्या बिलांवर बघा. काठ ओलांडला की वरची युनिटं महाग पडतात.

इथवर माझे जे संशय होते ते एकेक करून गळाले. ज्याचा संशय घ्यायला हवा होता ते दोन्ही मी गृहीत धरलं होतं.

पहिलं म्हणजे प्लग. घरात वीज आहे, मग गाडीला का मिळणार नाही? आम्ही दुसऱ्या मजल्यावर. पहिले पंधरा दिवस बाल्कनीतून एक्स्टेन्शन बोर्ड सोडला. चार्जर 750 वॅटचा, म्हणजे भार इस्त्रीपेक्षा कमी, पण तो सलग साडेचार तास चालतो. एके रात्री खाली जाऊन बघितलं तर बोर्डाची पिन हाताला चटका बसेल इतकी तापलेली. त्याच क्षणी बंद केला. मग सोसायटीच्या कमिटीपुढे अर्ज. दोन मीटिंगा, त्यातल्या एकीत आमच्या चेअरमनसाहेबांनी 'उद्या सगळेच मागतील' हा युक्तिवाद केला, जणू काही ते वाईट आहे. शेवटी परवानगी मिळाली. मीटर रूममधून माझ्याच मीटरवरून पार्किंगपर्यंत 4 स्क्वेअर एमएमची वायर पाइपातून, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), शॉक लागू नये म्हणून आरसीसीबी, नीट अर्थिंग, 16 अँपिअरचा सॉकेट आणि त्यावर कुलपाची पेटी. कुलूप हौसेचं नाही. पहिल्या आठवड्यात कोणीतरी तिथे प्रेशर वॉशर लावून कार धुतली होती.

तुम्ही सांगलीत. 2019 ला आणि 2021 ला तुमच्या भागात पाणी कुठवर आलं होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पार्किंगमधला पॉइंट त्या खुणेच्या वर घ्या, आणि पाणी चढायची बातमी आली की एमसीबी पाडून गाडी आधी उंचावर न्या. साध्या पावसाला घाबरू नका, मी दोन पावसाळे भिजवली आहे. पण 'बॅटरी वॉटरप्रूफ आहे' म्हणून पुराच्या पाण्यात घालायची नाही.

दुसरं सर्व्हिस सेंटर. नाव घेत नाही, शोरूमचंही आणि कंपनीचंही. चौदाव्या महिन्यात स्वारगेटच्या सिग्नलला गाडी थांबली ती थांबलीच. बॅटरी 70 टक्के, डिस्प्लेवर एक लाल त्रिकोण, थ्रॉटल मेलेला. जुनी गाडी अशी बंद पडली असती तर कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने प्लग काढून, फुंकर मारून, पन्नास रुपये घेऊन चालू करून दिली असती. याने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, हिच्यात मी काय उघडू?" टेम्पो यायला दोन तास लागले. मोटरचा कंट्रोलर गेला होता. पार्ट बंगळुरूहून येणार. रोज फोन केला की 'उद्या येतोय सर'. गाडी एकोणीस दिवस तिथे होती. बिल शून्य, वॉरंटीत बसलं. पण ते एकोणीस दिवस मी भाच्याला विकलेली माझीच जुनी स्कूटर त्याच्याकडून उसनी आणून चालवली, आणि त्याने परत घेताना टाकी फुल्ल करून मागितली.

त्यानंतर काही त्रास नाही. पण तुम्हाला माझा मुख्य सल्ला यातूनच आहे. कुठली कंपनी हे ठरवायला आधी शोरूममध्ये जाऊ नका. सोमवारी सकाळी साडेदहाला त्यांच्या सर्व्हिस सेंटरच्या फाटकाबाहेर अर्धा तास उभे राहा. आत किती गाड्या धूळ खात उभ्या आहेत ते मोजा, गाडी न्यायला आलेल्या दोघांना 'किती दिवस लागले' एवढंच विचारा. सांगलीत सर्व्हिस सेंटर नसेल आणि 'कोल्हापूरहून माणूस येतो' असं उत्तर मिळालं तर ती कंपनी यादीतून काढा, गाडी कितीही देखणी असो. माझं म्हणाल तर दहा किलोमीटर कमी पल्ला चालेल, पण सर्व्हिस सेंटर गावात हवं.

बाकी किरकोळ. रिव्हर्स मोडची मी थट्टा केली होती, आता पार्किंगमधून गाडी मागे घेताना तोच सगळ्यात जास्त वापरतो. अ‍ॅपमधल्या सोयींना काही काळाने वर्गणी भरावी लागते, ते घेतानाच विचारा. आवाज नसल्याने गल्लीत माणसं समोरून हलत नाहीत, हॉर्न जास्त वाजवावा लागतो.

सांगलीतली कोणती सर्व्हिस सेंटर्स बघितलीत ते इथेच लिहा, आणि वॉरंटीच्या त्या ओळीचा फोटो टाका. मेव्हण्यांनाही वाचायला द्या. त्यांचे अजून प्रश्न असतील तर विचारू देत, डायरी समोरच आहे.