स्कॉलरशिप मिळाली आणि ग्रँट कापली गेली

मे महिन्यात न्यू जर्सीतल्या एका बाबांचा फोन आला. "ताई, पोरीनं अकरा निबंध लिहून पाच हजार डॉलरची स्कॉलरशिप मिळवली, आणि कॉलेजनं तेवढीच ग्रँट कापली! कळवलंच नसतं तर बरं झालं असतं." (ग्रँट म्हणजे कॉलेजनं दिलेली, परत न फेडायची मदत.)

न कळवणं शक्यच नव्हतं. चेक बहुतेकदा थेट कॉलेजकडे जातो, आणि एड, म्हणजे शिक्षणासाठीची आर्थिक मदत, घेणाऱ्यानं बाहेरून आलेली रक्कम कॉलेजला सांगायचीच असते. वर्षाच्या मध्येच उघड झालं तर दिलेले पैसे परत मागतात, तो ताप वेगळाच.

संध्याकाळी जुनं आणि नवं अवॉर्ड लेटर (कोणती मदत किती, हे सांगणारं कॉलेजचं पत्र) शेजारी ठेवून बसलो. मॅसॅच्युसेट्समधलं खासगी कॉलेज. वर्षाचा खर्च ८४,०००, त्यातले ३८,००० घरच्यांनी द्यायचे. उरलेली ४६,००० ची 'गरज' कॉलेजनं पुरती भागवली होती: ४०,००० ग्रँट, ३,५०० सरकारी लोन, २,५०० वर्क-स्टडी, म्हणजे कॅम्पसवर काम करून कमवायचे. माप काठोकाठ भरलेलं. वरून पाच हजार आले की काहीतरी काढावंच लागतं, कारण सरकारी एड असताना एकूण मदत गरजेच्या वर जाऊ देत नाहीत.

पण काढायचं काय? इथे लोनला धक्काही न लावता ग्रँट कापली होती, हे मला खटकलं. कितीतरी कॉलेजं आधी लोन आणि वर्क-स्टडी कमी करतात, ग्रँटला शेवटी हात घालतात.

ई-मेल मुलीलाच लिहायला लावला. बाबांचा पहिला मसुदा भांडणाचा होता. तिनं विचारलं: बाहेरच्या स्कॉलरशिपबद्दलचा तुमचा लेखी नियम कुठे आहे? आधी लोन काढाल का? आणि लॅपटॉप घ्यायचाय, तो वर्षाच्या खर्चात धराल का? खर्च वाढला की गरजही वाढते, मापाला तेवढी जागा होते.

दहा दिवसांनी उत्तर आलं. लोन रद्द. लॅपटॉपचे १,२०० मंजूर. उरलेले ३०० मात्र ग्रँटमधून गेलेच.

"पण आमच्या खिशातून ३८,००० जाणारच ना?" बाबा म्हणाले. जाणारच. तो आकडा तुमच्या ऐपतीवरून ठरतो, बाहेरची स्कॉलरशिप तो सहसा हलवत नाही. त्यांना हे पटलं नाही, आणि मलाही त्यांचा राग अगदीच चुकीचा वाटला नाही. मुलगी मात्र कर्ज गेलं म्हणून खूश होती.

ज्यांना गरजेवर आधारलेली एड मिळतच नाही (आपल्या आयटीतल्या बऱ्याच घरांचं असंच असतं), त्यांना ही काळजी सहसा नसते. तिथे रक्कम बहुधा सरळ बिलातून वजा होते.

निघताना त्यांनी धाकट्याचं विचारलं. तो दहावीत आहे, रटगर्सला, म्हणजे न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात, जायचं म्हणतोय. म्हटलं, त्याला निबंध जरूर लिहू दे. अशी कपात रोखणारा पहिला कायदा २०१७ मध्ये मेरीलँडनं केला, पुढे न्यू जर्सीनंही केला, आणि तो सरकारी कॉलेजांना लागू आहे. शिवाय अशा ठिकाणी सगळी गरज क्वचितच भागवलेली असते. बाहेरचे पैसे आधी त्या खड्ड्यात पडतात.

"म्हणजे माप अर्धं असलेलंच बरं?" बाबा हसले.