वाचकांचे प्रश्न : सराव किती आणि खेळ किती?

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची असून सहावीत शिकते. आठव्या वर्षापासून ती बॅडमिंटन खेळते आहे. गेल्या वर्षी जिल्हास्तरीय स्पर्धेत ती उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचली आणि तेव्हापासून सर्व वेळापत्रकच बदलले. पहाटे साडेपाच ते सात शारीरिक तंदुरुस्तीचे वर्ग, संध्याकाळी साडेचार ते सात कोर्टवर सराव, असे आठवड्याचे सहा दिवस, आणि रविवारी बहुधा एखादी स्पर्धा. कथकचा क्लास बंद झाला, सोसायटीतल्या मैत्रिणींबरोबर खेळणेही थांबले. दोन महिन्यांपासून सकाळी निघताना तिच्या पोटात दुखते, गुडघ्याखाली दुखते, आणि सामना हरली की ती रात्री उशिरापर्यंत रडते. प्रशिक्षक म्हणतात, आता सराव कमी केला तर ती मागे पडेल. तिच्या वडिलांनाही तसेच वाटते. मी काय करावे? (एक आई, नाशिक)

उत्तर : आपल्या पत्रातील गुडघ्याच्या दुखण्याचा विचार सर्वप्रथम व्हायला हवा. वाढीच्या वयात हाडाची टोके अजून पुरती टणक झालेली नसतात. उड्या मारणे, झटकन वाकणे, धावता धावता एकदम थांबणे अशा हालचाली रोज तासन्‌तास झाल्या की मांडीचा स्नायू नडगीच्या वरच्या टोकाला ज्या ठिकाणी ओढतो, तेथे सूज येते आणि दुखू लागते. दहा ते चौदा या वयोगटातील खेळाडूंमध्ये हे सर्रास आढळते, आणि भार कमी केला की बहुतेकांचे बरेही होते. तरीही पत्रावरून निदान करता येत नाही आणि तसे करूही नये. तिला अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या आणि ती आठवड्याला किती तास खेळते हे त्यांना आवर्जून सांगा. पालक दुखण्याची जागा सांगतात, तास सांगायचे मात्र राहून जातात. तपासणी होईपर्यंत वेदनाशामक स्प्रे मारून तिला सामन्याला उतरवू नका.

आता तासांकडे वळू. आपण दिलेल्या वेळापत्रकाची बेरीज आठवड्याला चोवीस तास होते, आणि त्यात रविवारच्या स्पर्धा धरलेल्या नाहीत. अमेरिकेत शिकागो परिसरातील डॉक्टरांनी सुमारे १,२०० बालखेळाडूंचा अभ्यास करून २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपल्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त तास दर आठवड्याला खेळणाऱ्या मुलांमध्ये अतिश्रमाच्या गंभीर दुखापती अधिक आढळल्या. ठरवून दिलेल्या सरावाचा वेळ मोकळ्या खेळाच्या दुपटीहून जास्त असलेल्या मुलांमध्येही तेच दिसले. या हिशेबाने आपल्या मुलीसाठी आठवड्याला अकरा तास ही वरची मर्यादा ठरते. ती आज त्याच्या दुपटीहून अधिक सराव करते आहे आणि तिचा मोकळा खेळ शून्यावर आला आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना आठवड्यातून किमान एक ते दोन दिवस पूर्ण विश्रांती आणि वर्षभरात एकंदर दोन ते तीन महिने त्या विशिष्ट खेळापासून दूर राहण्याचा सल्ला देते. हे महिने सलग नसले तरी चालतात, आणि त्या काळात मुलाने दुसरा कोणताही खेळ खेळायला हरकत नसते. येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. आपल्याकडे परीक्षेच्या काळात सराव बंद असतो आणि तीच विश्रांती मानली जाते. परीक्षेचा ताण डोक्यावर घेऊन बसलेल्या मुलाची ती विश्रांती नव्हे.

झोपेचा हिशेब तर याहून सरळ आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास झोप लागते. साडेपाचला मैदानात हजर राहायचे तर पाचच्या आत उठावे लागणार, म्हणजे आठच्या सुमारास झोपायला हवे. संध्याकाळी सातला कोर्टवरून निघणाऱ्या, नंतर जेवण आणि गृहपाठ उरकणाऱ्या मुलीला हे शक्य नाही. सकाळच्या पोटदुखीमागे अपुरी झोप असेल, सामन्यांची धास्ती असेल, किंवा दोन्ही असतील. ती पोटदुखी खोटी नाही. ‘मला जायचे नाही’ हे तोंडाने म्हणण्याची हिंमत नसलेले मूल ते अशाच रीतीने सांगत असते.

‘मागे पडेल’ या भीतीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण घराघरात निर्णय याच एका शब्दावर होतात. अकराव्या वर्षी जिंकणारी मुले बऱ्याचदा त्या वर्गात वयाने काही महिने मोठी किंवा शरीराने लवकर वाढलेली असतात. पुढे तीन-चार वर्षांत इतरांची उंची आणि ताकद वाढली की चित्र बदलते. म्हणून या वयातील पदकांवरून पुढचे काही ठामपणे सांगता येत नाही, आणि पराभवांवरून तर मुळीच नाही. जिम्नॅस्टिक्ससारख्या काही खेळांत लहान वयातच कठोर तयारी लागते हे खरे आहे. बॅडमिंटनमध्येही मनगटाचे आणि पायांचे कौशल्य घडायला वर्षे लागतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि कौशल्य घडवायला वर्षे लागतात म्हणूनच ती वर्षे मुलीने खेळात टिकून राहिले पाहिजे. तेराव्या वर्षी रॅकेट कायमची टाकून देणाऱ्या मुलीला अकराव्या वर्षी दिलेले चोवीस तास उपयोगी पडत नाहीत.

या ठिकाणी पालक हमखास सचिन तेंडुलकरांचे नाव घेतात. सुट्टीत शिवाजी पार्कवर दिवसभर चालणारा त्यांचा सराव आणि रमाकांत आचरेकर सरांनी यष्टीवर ठेवलेले रुपयाचे नाणे या गोष्टी महाराष्ट्राला पाठ आहेत. त्याच सचिनना लहानपणी टेनिसचे वेड होते, जॉन मॅकेन्रो त्यांचा आवडता खेळाडू होता, आणि किशोरवयात ते चेन्नईच्या वेगवान गोलंदाजांच्या प्रशिक्षण केंद्रात गोलंदाज व्हायला गेले होते, हे मात्र सांगितले जात नाही. त्यांचा सराव त्यांच्या स्वतःच्या ओढीतून आला होता. दुसरे उदाहरण अगदी जवळचे आहे. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज क्रिकेट खेळता खेळता वयोगटाच्या हॉकीमध्ये महाराष्ट्राकडून खेळली आणि ती गिटारही वाजवते. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करून भारताला अंतिम फेरीत नेणारी हीच जेमिमा. हॉकी आणि गिटारमुळे ती घडली असा दावा मी करीत नाही. त्यांनी तिचे क्रिकेट बुडाले नाही, एवढेच त्यातून दिसते, आणि आपल्या प्रश्नाला तेवढे पुरेसे आहे.

प्रत्यक्ष काय करावे? डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतर संध्याकाळचा सराव आठवड्यातून चार दिवस, दोन-दोन तास ठेवावा आणि तंदुरुस्तीचा वर्ग दोन दिवस, एक-एक तास. ही बेरीज दहा तास होते. एखाद्या रविवारी स्पर्धा असेल तर त्या आठवड्यातला एक सराव वगळावा आणि सोमवारी पूर्ण सुट्टी द्यावी. प्रत्येक रविवारी स्पर्धा नको. वर्षाच्या सुरुवातीला प्रशिक्षकांबरोबर बसून मोजक्या स्पर्धा निवडाव्यात. प्रशिक्षकांशी बोलताना डॉक्टरांचा कागद बरोबर न्यावा आणि ‘तिने अठराव्या वर्षीही खेळावे अशी आमची इच्छा आहे, त्यासाठी आपण मदत करा’ असे सांगावे. चांगला प्रशिक्षक यावर विचार करतो. तास कमी करणे म्हणजे शिस्त मोडणे असे जो मानतो, त्याच्याकडे अकरा वर्षांचे मूल ठेवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

कथक पुन्हा सुरू करा. पदन्यासाचा बॅडमिंटनला उपयोग होतो म्हणून नव्हे, तर तिला ते आवडते म्हणून. मुलांच्या प्रत्येक आवडीला खेळाच्या तयारीचे लेबल लावण्याची सवय आपण मोठ्यांनी सोडली पाहिजे. हरल्यानंतर घरी येताना गाडीत सामन्याची चर्चा नको. भूक लागली आहे का, एवढेच विचारावे. चुकांबद्दल बोलायचे ते प्रशिक्षकांनी, आणि तेही दुसऱ्या दिवशी. शेवटी, तिला दोन आठवडे रॅकेट बाजूला ठेवण्याची मुभा द्या आणि कोणीही काही सुचवू नका. त्या काळात ती स्वतःहून जिन्याखाली शटल उडवायला गेली, तर तिचा खेळ शाबूत आहे असे समजावे. गेली नाही, तर शांतपणे तिच्याशी बोलावे, आणि सोडायचे आहे असे तिने सांगितले तर ते ऐकण्याची तयारी दोघांनीही ठेवावी.

प्रश्न : मी दहावीत आहे आणि वेगवान गोलंदाजी करतो. शाळेच्या संघात आणि क्लबमध्ये खेळतो, शिवाय रविवारी मित्रांबरोबर टेनिस चेंडूचे सामने असतात. एक महिन्यापासून गोलंदाजी केल्यावर कंबरेत एका बाजूला दुखते. कोणाला सांगितले नाही, कारण घरचे आधीच म्हणतात की या वर्षी मैदान बंद. (एक विद्यार्थी, सातारा)

उत्तर : हे पत्र वाचून झाल्यावर आज संध्याकाळीच घरी सांग. तुझ्या वयाच्या वेगवान गोलंदाजाला कंबरेत एका बाजूला दुखणे आणि ते महिनाभर टिकणे ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही. चेंडू टाकताना पाठ मागे वाकते आणि वळते, आणि तेच पुनःपुन्हा झाल्याने मणक्याच्या हाडाला बारीक चीर पडू शकते. ती वेळीच कळली तर विश्रांतीने भरून येते. लपवून खेळत राहिले तर मात्र एका हंगामाऐवजी दोन-तीन हंगाम हातचे जातात. डॉक्टरांनी सांगेपर्यंत चेंडू टाकू नकोस.

इंग्लंडमध्ये क्रिकेट मंडळाने मुलांच्या वेगवान गोलंदाजीवर वयानुसार षटकांची मर्यादा घालून दिली आहे. तुझ्याबाबतीत अडचण अशी की शाळेच्या सरांना क्लबमधली षटके माहीत नाहीत, क्लबच्या प्रशिक्षकांना शाळेतली माहीत नाहीत, आणि टेनिस चेंडूची षटके तर कोणीच मोजत नाही. तुझी पाठ मात्र ती सगळी मोजते. बरा झाल्यावर एका वहीत रोज टाकलेले चेंडू लिहीत जा आणि ती वही दोन्ही प्रशिक्षकांना दाखव.

तुझ्या आईवडिलांसाठीही दोन शब्द. दहावीच्या वर्षी मैदान पूर्ण बंद करू नका. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटे दमवणारी हालचाल करावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यातून दहावीचा विद्यार्थी वगळलेला नाही. स्पर्धा कमी कराव्यात, रोजचा तास राखावा. तसेच राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेमुळे बोर्डाच्या परीक्षेत मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांसाठी दुखऱ्या पाठीने मुलाला खेळवू नये.

प्रश्न : माझा नातू आठ वर्षांचा आहे. त्याला क्रिकेट अकादमीत घातले आहे. तो वाड्यातल्या मुलांबरोबर लगोरी, आबाधुबी खेळतो, तर माझा मुलगा म्हणतो की हा वेळ वाया जातो, एकाच खेळाकडे लक्ष हवे. मला हे पटत नाही, पण मी जुन्या काळचा म्हणून माझे कोणी ऐकत नाही. (एक आजोबा, सांगली)

उत्तर : आजोबा, आपले म्हणणे आजच्या क्रीडावैद्यकालाही मान्य आहे. बहुतेक खेळांमध्ये एकाच खेळाची निवड पंधरा-सोळा वर्षांच्या सुमारास झाली तरी चालते, त्याआधी मुलाने अनेक खेळ खेळावेत, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. लगोरीत नेम धरणे, चेंडू चुकवणे, धावत दिशा बदलणे हे सगळे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेथे संघ कोण पाडणार, आऊट कोण ठरवणार, भांडण कसे मिटणार हे मुलेच ठरवतात. अकादमीत हे सगळे मोठे ठरवतात, त्यामुळे ती शिकवण तेथे मिळत नाही.

आपल्या चिरंजीवांना नॉर्वेचे उदाहरण द्या. तेथील क्रीडा महासंघाने १९८७ पासून मुलांच्या खेळाविषयी हक्कांची नियमावली केली आहे. अकरा वर्षांखालील मुलांची क्रमवारी लावली जात नाही आणि तेराव्या वर्षापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरता येत नाही. सुमारे ५४ लाख लोकसंख्येच्या या देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकांसह ३७ पदके मिळवली आणि तक्त्यात पहिले स्थान पटकावले. या यशात बर्फ, पैसा आणि सोयी यांचाही वाटा आहे, हे उघड आहे. तरीसुद्धा मुलांना उशिरा स्पर्धेत उतरवल्याने देशाचे खेळाडू कमी पडतात, ही समजूत तरी यापुढे टिकत नाही.

चिरंजीवांची काळजी मात्र उडवून लावू नका. आपल्या राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. क्रीडा प्रमाणपत्राला किंमत असलेल्या समाजात बापाला लवकर सुरुवात करावीशी वाटणे स्वाभाविक आहे. फक्त आठव्या वर्षी त्या प्रमाणपत्राची तयारी होत नसते.

अकादमी बंद करण्याचा आग्रह धरू नका; आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत, एवढे सुचवा. एकदा चिरंजीवांबरोबर तेथे जाऊन तासभर बसा आणि पाहा : नातवाला फलंदाजीची पाळी किती वेळा येते, की बहुतेक वेळ तो रांगेत उभा असतो? पाणी प्यायला थांबू देतात का? चेंडू सुटला की सर ओरडतात की पुन्हा टाकून दाखवतात? आणि रांगेत उभी असलेली मुले हसताना दिसतात का? तेथून परतताना मुलाशी जे बोलणे होईल, ते माझ्या पत्रापेक्षा अधिक उपयोगी पडेल.