वाचकांचे प्रश्न : पदवी नसलेल्या मनोविश्लेषक एम्मा युंग

प्रश्न : प्रसिद्ध मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या पत्नी एम्मा याही मनोविश्लेषक होत्या असं वाचलं. त्या हे शिकल्या कुठे?

विद्यापीठात नाही. १८८२ साली स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनला जन्मलेल्या एम्मांच्या घरी मुलीनं विद्यापीठात जाणं बसत नव्हतं. १९०३मध्ये लग्न झालं तेव्हा कार्ल झुरिकच्या बुर्घ्योल्ट्स्ली मनोरुग्णालयात नोकरीला होते. एम्मा त्यांच्या कामात मदतनीस म्हणून शिरल्या आणि तिथेच शिकत गेल्या. विश्लेषक होण्यासाठी पदवी लागावी, अशी व्यवस्थाच तेव्हा उभी राहिलेली नव्हती. युंग यांच्या पद्धतीचे विश्लेषक घडवणारी झुरिकची युंग संस्था निघाली ती १९४८ साली. मधल्या काळात पाच मुलं झाली.

प्रश्न : युंग यांची शब्दसाहचर्य चाचणी घरी करून पाहता येईल का?

गंमत म्हणून येईल, निदानासाठी नाही. शंभर शब्दांची यादी घ्या. युंग यांची यादी डोकं, हिरवा, पाणी, गाणं अशी सुरू होते. शब्द एकाच सुरात वाचायचा आणि समोरच्यानं मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा. उत्तराला किती वेळ लागला तेही मोजायचं; त्यासाठी युंग सेकंदाचा पाचवा भाग दाखवणारं घड्याळ वापरत. शंभर शब्द झाले की यादी पुन्हा पहिल्यापासून घ्यायची आणि मघाची उत्तरं आठवून सांगायला लावायचं. ही दुसरी फेरी लोक हमखास गाळतात, आणि खरी मेख तिथेच असते : उत्तर विसरलं, बदललं, की त्या शब्दाखाली काही दडलेलं असण्याची शक्यता. शब्दच परत उच्चारणं, हसणं, ‘काय म्हणालात?’ असं विचारणं, याही खुणा टिपून ठेवा. उत्तराला झालेला उशीर हीही एक खूण, पण तो त्याच माणसाच्या वेळांशी ताडायचा. सगळे वेळ चढत्या क्रमानं लावून मधला घ्या आणि त्याच्याशी तुलना करा. काही माणसं मुळातच सावकाश बोलतात.

बिघडतं ते बहुधा नवरा-बायकोत. उत्तर ऐकून विचारणाऱ्याचाच चेहरा बदलतो, आणि पुढची उत्तरं त्या चेहऱ्याला दिली जातात. खुद्द कार्लनी १९१०मध्ये एम्मांचं विश्लेषण केलं, तेही एम्मांच्या मत्सरावरून घरात खटके उडाल्यानंतर. ज्याच्याविषयी तक्रार, तोच तपासनीस! स्वतःच्या जोडीदाराचं विश्लेषण फार अवघड असतं, हे कार्लनी मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांना लिहिलेल्या पत्रातच कबूल केलंय.

प्रश्न : घरखर्च कोणाच्या पैशातून चालायचा?

मोठा आधार एम्मांच्या माहेरचा. वडील आयडब्ल्यूसी या घड्याळ कंपनीचे मालक. १९०५ साली ते गेल्यावर वारसा एम्मा आणि त्यांच्या बहिणीकडे आला. झुरिकजवळच्या क्यूसनाख्टचं तळ्याकाठचं घर बांधणं आणि १९०९मध्ये रुग्णालयातली नोकरी सोडणं कार्लना परवडलं, त्यामागे ही पुंजी होती. त्या काळच्या स्विस कायद्यात बायकोच्या मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हाती असे, हेही ध्यानात ठेवा.

प्रश्न : एम्मांचं स्वतःचं काम काय? नाहीतर ‘अमक्याची बायको’ एवढंच उरतं.

तुमच्यासारखीच तक्रार त्यांनी १९११ साली फ्रॉइडना केली होती, नवऱ्याला न सांगता लिहिलेल्या पत्रांमधून : बायका सगळ्या कार्लच्या प्रेमात, आणि पुरुषांच्या लेखी मी लगेच त्याची बायको होते. फ्रॉइडनाही त्यांनी सुनावलं की कार्लकडे बापाच्या नजरेनं पाहू नका. कार्ल आणि फ्रॉइड यांची मैत्री तुटली ती यानंतर वर्ष-सव्वा वर्षानं.

१९१६मध्ये युंग यांच्या विचारांत रस असणाऱ्यांचा झुरिकचा सायकॉलॉजिकल क्लब निघाला, त्याच्या पहिल्या अध्यक्ष एम्मा. (कार्लच्या आयुष्यातली दुसरी स्त्री, टोनी वोल्फ, हिनंही पुढे तेच पद सांभाळलं.) त्या स्वतंत्रपणे रुग्ण पाहत. स्त्रीच्या नेणिवेतल्या पुरुषप्रतिमेवर, म्हणजे ‘अ‍ॅनिमस’वर, त्यांनी क्लबात व्याख्यान दिलं, ते १९३४मध्ये छापून आलं. वाचायला सुरुवात करायची तर त्यापासून करा, छोटंसंच आहे. मोठं काम होली ग्रेलच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनातल्या पवित्र प्याल्याच्या दंतकथेवरचं, कित्येक वर्षं चाललेलं. १९५५ साली त्या गेल्या तेव्हा ते अर्धवट होतं. कार्ल यांच्या सहकारी मारी-लुईझ फॉन फ्रान्झ यांनी ते पुरं केलं आणि १९६०मध्ये दोघींच्या नावानं प्रसिद्ध झालं.