आधी दारू सोडू दे, मग घर?

टोरंटोत बेघर माणसांना घर मिळवून देण्याचं काम मी करते. सांगलीहून एका ताईंचा फोन आला. "मॅडम, त्याला खोली देऊ नका हो. आधी दारू सोडू दे. चावी हातात पडली की दार लावून पीतच बसेल." त्यांचा धाकटा भाऊ टोरंटोत सात वर्षं बेघर होता. थंडीच्या रात्री तो ट्राममध्ये बसून काढायचा. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ही भीती मी जवळपास प्रत्येक घरातून ऐकते, आणि ती मायेपोटीच असते. पण भावाला मधुमेह होता. इन्सुलिनचा साठा फ्रिजमध्ये लागतो, आणि इथल्या हिवाळ्यात उघड्यावर ते गोठून वाया जातं. "ताई, औषध ठेवायलाच जागा नाही, तो सुधारणार कुठे बसून?"

१९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञाने हा क्रम उलटा केला: घर आधी, बाकीचं मागाहून. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत सुमारे २००० जणांवर हे तपासलं. शेवटच्या सहा महिन्यांत असं घर मिळालेल्यांपैकी ६२ टक्के लोक पूर्ण वेळ घरात होते, नेहमीच्या सेवा मिळणाऱ्यांपैकी ३१ टक्के. व्यसनात मात्र दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. ताईंना मी हेही सांगितलं. घर दारू सोडवायला देत नाहीत, राहायला देतात.

आमच्याकडे दोनच गोष्टी पाळाव्या लागतात: उत्पन्नाच्या ३० टक्के भाडं आणि आठवड्याला एक भेट.

भावाला खोली मिळाली. पहिले तीन आठवडे तो पलंगावर झोपलाच नाही. बूट घालून, दाराला पाठ लावून जमिनीवर. पीतही होता. चौथ्या महिन्यात आरडाओरड्यावरून घरमालकाने त्याला बाहेर काढलं. "बघा, मी सांगत नव्हते?" ताई रडत होत्या. आम्ही दुसरी खोली शोधली. खोली गेली तरी आम्ही माणूस सोडत नाही, आणि मला या कामात सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

दुसऱ्या खोलीत इन्सुलिनचा डबा फ्रिजच्या दारात, दुधाशेजारी असतो. संध्याकाळी तो अजून पितो, पूर्वीपेक्षा कमी.

श्रावणात ताईंचा फोन आला, "पत्ता नीट सांगा हो, पिनकोडसकट." राखी पोचली तेव्हा पौर्णिमा उलटून नऊ दिवस झाले होते. भेटीच्या दिवशी त्याने ती माझ्याकडूनच बांधून घेतली.